घडी कोण मोडणार?

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा ज्या माणसाने एका शब्दात मातीत घातला, त्याच्याबद्दल मी लिहायला बसलो आहे, हे आमच्या घरात कोणाला खरं वाटत नाही. बायको म्हणते, "लिवा, पण कागद फाटेल इतका जोर देऊ नका." मी रागीट आहे हे मला मान्य आहे. पण माझा राग विनाकारण नसतो, आणि या माणसावरचा तर मुळीच नाही.

काका माझ्या दुकानाचे मालक. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं जुनं दुकान होतं, वर घर. घराणं मागावरचं. आजोबांपर्यंत सगळे विणत, वडिलांपासून विकू लागले. त्या दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा गाळा त्यांनी मला मोबाइलच्या विक्री-दुरुस्तीसाठी भाड्याने दिला आणि तिथेच आमचं पहिलं भांडण झालं. म्हणजे माझं झालं. त्यांचं झालं नाही.

मी मूळचा अड्याळचा. आठवडी बाजारात पोतं अंथरून मोबाइलची कव्हरं विकत मी वर आलो. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळालं ते मी भाव करून घेतलं. भाव करणं हा माझा धंदा नाही, तो माझा श्वास आहे. गाळा पाहायला जायच्या आधी मी पूर्ण तयारी केली होती. शटर गंजलेलं आहे, समोर नाली आहे, दुपारचं ऊन आत येतं, पंख्याचा आवाज येतो. कोणता दोष कधी काढायचा, कधी उठून निघून जायचं नाटक करायचं, कोणत्या पायरीवरून परत फिरायचं, सगळं ठरलं होतं. काकांनी भाडं सांगितलं. मी शेवटी हातापाया पडून जिथे पोचणार होतो, त्याहून ते कमी होतं.

मी आ वासून बसलो. मग मला रागच आला.

"इतकं कमी कसं काय?" मी म्हणालो.

"काहून? जास्त देतो का?"

"नाही, पण..."

"मंग झालं. एकदाम," असं म्हणून काका समोरच्या वर्तमानपत्राची घडी करू लागले.

माझे सगळे दोष माझ्याजवळच राहिले. गंजलेलं शटर मी पुढे वर्षानुवर्षं रोज वर करत होतो आणि रोज मला वाटत होतं, हे मला एकदा तरी बोलून दाखवता आलं असतं तर!

घडी करणं हा काकांचा छंद नव्हता, तो त्यांचा स्वभाव होता. हातात येईल त्याची ते घडी करत. वर्तमानपत्राची, प्लास्टिकच्या पिशवीची, चहाच्या कागदी कपाची, लग्नाच्या पत्रिकेची. त्यांच्या घरी खाट घडीची, खुर्च्या घडीच्या, काठी घडीची, चष्माही घडी होऊन सुपारीच्या डबीत मावेल असा. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्या वरच्या खिशातला रुमाल काढून, नीट घडी घालून परत ठेवला होता. मला ते घरी जाऊन घाम पुसायला रुमाल काढला तेव्हा कळलं. कोणत्याही वस्तूबद्दल त्यांचं मत विचारलं तर ते आधी तिची घडी बसते का ते पाहत. घडी बसली नाही तर म्हणत, "ठेव तिकडं."

गिऱ्हाइकाने साडी पसंत केली, की काका किंमत सांगायच्या आधी एक प्रश्न विचारत, "घडी कोण मोडणार?" आपल्याकडे नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे घडी मोडणं. आणि कित्येक घरी तो मान दुसऱ्या कोणाला देतात. बहिणीला, नणंदेला, लेकीला, ज्या कोणाचा पायगुण चांगला तिला. "नवी साडी आणली, तू घडी मोडून दे," म्हणतात. काकांना हे नाव ऐकल्याशिवाय साडी द्यायला जड जाई. "मोडेल कोणीही," असं म्हणणाऱ्या एका माणसाला त्यांनी साडी दिलीच नव्हती. वर मला सांगितलं, "घरात कोणीच आवडत नसंल त्याले."

जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या क्वार्टरमधून एकदा एक बाई आल्या. नव्याने बदली होऊन आलेल्या, उत्तरेकडच्या. साडी त्यांना फार आवडली. काकांनी आपल्या हिंदीत विचारलं, "घडी कौन मोडेगा?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. "भाईसाहब, हम आपकी घड़ी क्यों तोड़ेंगे?"

मी मध्ये पडून समजावून सांगितलं. बाई इतक्या हसल्या की पर्स खाली पडली. पुढे त्या दर दिवाळीला यायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "काकाजी, घड़ी तोड़ने आए हैं!" ही गोष्ट इथे सांगितली, कारण त्या दिवशी मी त्या बाईंना हसलो होतो. पुढे माझ्यावर काय येणार आहे हे मला माहीत नव्हतं.

आता खेळाकडे येतो.

काकांची मुलगी नागपूरला शिकत असताना तिच्याकडे हातात धरून खेळायचं एक जुनं मशीन होतं. शिंपल्यासारखं उघडायचं, आत एक पडदा वर, एक पडदा खाली. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि मशीन कपाटात राहिलं. काकांना ते सापडलं तेव्हा ते काय आहे हे त्यांना कळलं नाही, पण त्याची घडी बसते हे कळलं. तेवढ्यावर ते त्यांनी ठेवून घेतलं. काही दिवस नुसती उघडझाप केली. मग एकदा चुकून बटण दाबलं गेलं आणि आतून कोंबडा आरवला.

तो शेतीचा खेळ होता. वरच्या पडद्यावर गावाचा नकाशा आणि उद्याचं हवामान, खालच्या पडद्यावर आपलं शेत. छोट्या काडीने खालच्या पडद्यावर टोचून नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं. काकांच्या सात पिढ्यांत कोणी चिखलात पाय घातला नव्हता. पण काकू कोंढ्याच्या. माहेरी धानाची शेती, गावातल्या तळ्याचं पाणी, आणि रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरातलं कोणी घरात नाही अशी परिस्थिती. त्यांनी एकदा काकांच्या खांद्यावरून पाहिलं आणि संपलं.

"अवो, हे काय करून राहिले? पऱ्हे न टाकता, रोपं न करता रोवणा करते का कोणी?"

"खेळात असंच हाये."

"खेळात असंल. पाणी काढा बांधीतलं. उद्या पाऊस दाखवून राहिला वरती, दिसत नाही का?"

तेव्हापासून ठरून गेलं. दुपारची जेवणं झाली, की दुकानाचं शटर अर्धं खाली. काकू वरचा पडदा पाहून हुकूम सोडणार, काका खालच्या पडद्यावर काडीने राबणार. काका त्यांना माहेरच्या गावावरून 'कोंढेवाली' म्हणत, तसे ते सगळ्यांनाच गावावरून हाक मारत. मी 'अड्याळवाले'. भिंतीपलीकडून कोंढेवालीचा आवाज चढला, की इकडे माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकत. "काही नाही," मी सांगायचो, "शेतीची कामं चालू आहेत."

काकूंचा सगळ्यात मोठा राग त्या खेळातल्या दुकानदारावर होता. पीक न्यायचं, तो ठरलेली किंमत देणार, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. "मेला भावच नाही करत!" काकू म्हणायच्या. भिंतीपलीकडे मी मनातल्या मनात म्हणायचो, काकू, तो तुमच्या शेजारीच बसला आहे.

अशी ती शेती कितीतरी वर्षं चालली. गाई झाल्या, कोंबड्या झाल्या, गाईंना काकूंनी आपल्या वहिन्यांची नावं दिली. आणि एका पावसाळ्यात काकू मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या. हातात मशीन होतं. पाय मोडला आणि मशीनही मोडलं. पायाला प्लास्टर बसलं. मशीनचं झाकण मात्र बिजागरीपासून तुटून वेगळं झालं, वरचा पडदा काळा पडला.

दोन दिवसांनी काका माझ्या दुकानात आले. साडीच्या मऊ कापडात बांधून आणलेले दोन तुकडे त्यांनी काउंटरवर ठेवले.

"घडी मोडली याची. जोडून दे."

मी भिंगातून पाहिलं. "काका, नाही होत. याचे पार्ट कुठे मिळतात आता?"

"मंग दुसरं पाह्य."

"काकू बऱ्या आहेत ना?"

काका काउंटरवरची रबरी चटई दुमडायला लागले, तिची घडी बसेना म्हणून सोडली. मग म्हणाले, "पाय बरा होईल म्हणते डाक्टर. पण ती बोलून नाही राहिली रे. 'हो', 'नाही', 'ठेवा तिथं'. बस. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकलं काल, तरी खाल्ली. घरात माग बंद पडल्यावानी वाटते."

काकूंनी मुद्दाम खारट केलेली भाजी मुकाट्याने खाल्ली, हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. काकूंना पुन्हा रागावतं करायचं होतं, आणि ते त्या शेताशिवाय होणार नव्हतं. तेच शेत, त्याच गाई. शेत कुठे आहे हे मला माहीत होतं. ते तुटलेल्या मशीनमध्ये नव्हतं, त्यात लावलेल्या नखाएवढ्या कॅसेटमध्ये होतं. नागपूरला माझा एक मित्र होता, त्याच्याकडे असल्या कॅसेटमधून माहिती काढून घ्यायचं यंत्र होतं. त्याने ती काढून पाठवली. शेत हाती आलं. आता ते पेरायला जमीन हवी होती.

पहिला उपाय सोपा होता. तसंच जुनं मशीन, कोणाचं तरी वापरलेलं. काकांनी पाहिलंही नाही. "दुसऱ्यानं मोडलेली घडी मी कोंढेवालीले देऊ?"

मग मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. आता असे प्रोग्राम आहेत जे फोनला सांगतात, तू ते जुनं मशीन आहेस असं समज, आणि फोन तसा वागतो.

"म्हणजे बहुरूपी," काका म्हणाले. "पोलिसाचं सोंग घेऊन येते तो."

"तसंच."

"मंग सोंग चांगलं पायजे. हे पाह्य, दोन्ही पडदे एकावर एक कोंबले. अन् हे मधात बोट ठेवलं तर तिचं हवामान झाकलं. अन् याची घडी कुठं हाये?"

घडीचा फोनही दाखवला. एका डॉक्टरांनी दुरुस्तीला टाकला होता. काकांनी तो उघडला, आतल्या पडद्याच्या मधोमध नख फिरवलं आणि मला परत दिला. "चुणी हाये." साडीवर चुणी दिसली तर ते ती साडी शोकेसमध्ये ठेवत नसत. तसा फोन काय ठेवणार?

मग उरली ती खास मशीनं. हल्लीच निघू लागली होती, जुने खेळ खेळणाऱ्यांसाठीच बनवलेली. शिंपल्यासारखी उघडणारी, वर एक पडदा, खाली एक पडदा. दुकानात कुठेच मिळत नव्हती. दिल्लीचा एक व्यापारी बाहेरून मागवून विकत असे. मी काकांना व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली आणि माझ्या आयुष्यातली ती चार महिने चाललेली परीक्षा सुरू झाली.

एका मशीनचा वरचा पडदा मोठा, रंग असे की डोळे दिपतील. पण खालचा लहान. काका म्हणाले, "वरती कोंढेवाली, खालती मी. माहा पडदा लहान केला तर चालंल, पण माहे डोळे तिच्याहून खराब आहेत." शिवाय पडदे रुंद, जुन्या खेळाचं चित्र चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहत. मी म्हटलं, "काका, त्याला काठ समजा." काकांनी मान हलवली. "बिनजरीचा काठ."

दुसरं स्वस्त होतं, दोन्ही पडदे सारखे. पण त्याचं झाकण दोनच ठिकाणी थांबत होतं. एक तर पूर्ण उघडं, नाही तर अर्धं. काकू निजून खेळणार. छातीवर ठेवलं तर पडदा कलता हवा. "अन् हे पाह्य, हलवलं का डुलते. माहेरी आलेल्या पोरीच्या मानेवानी."

मी त्यांना आतली ताकद सांगत होतो, बॅटरी किती चालते ते सांगत होतो, तापतं का ते सांगत होतो. काका ते सगळं सोडून एकच गोष्ट विचारत, "घडी कशी हाये?" हळूहळू मीही बिजागरी म्हणायचं सोडलं. दिल्लीला फोन करूनही मी विचारू लागलो, "घडी टाइट है क्या?" आणि तो बिचारा म्हणे, "भाईसाहब, घड़ी तो इसमें है ही नहीं, टाइम स्क्रीन पे दिखता है."

शेवटी त्याला सगळी कहाणी सांगावी लागली. काकी, पाय, खेत, गाई. त्यालाही रस वाटू लागला. त्याने स्वतःच्या टेबलावर प्रत्येक मशीनची उघडझाप करून आम्हाला व्हिडिओ पाठवले. काका ते डोळे मिटून ऐकत.

"पुन्हा लाव."

टप्.

"ढिली हाये. दुसरी लाव."

टक.

"पुन्हा."

टक.

काकांनी डोळे उघडले. "हे. याची घडी बसली."

ते तिसरं मशीन होतं. दोन्ही पडदे एका मापाचे, खालच्यावर काडी चालणारं, वजनाला हलकं, आणि झाकण हवं तिथे थांबणारं. खरं सांगतो, कागदावर मी निवडलं असतं तर तेच निवडलं असतं. पण मी कागद पाहून निवडलं असतं, हे आवाज ऐकून निवडून बसले. भाव मी केला. दिल्लीवाला रडकुंडीला आला, आणि काका शेजारी बसून तोंड वाकडं करत होते, जणू मी कोणाचा तरी अपमान करतो आहे.

एक अडचण राहिली. मशीन आल्यावर आत शेत भरायचं, चालवून पाहायचं, हे माझं काम. काका म्हणाले, "इथं आल्यावर तू उघडायचं नाही."

"मग चालतं की नाही कसं कळणार?"

"साडी नेसून पाहून विकते का कोणी?"

"काका, हे मशीन आहे!"

"घडी हाये ना? मंग कोंढेवाली मोडंल. तू नाही, मी नाही."

मी ओरडलो. मी काउंटरवर हात आपटला. काकांनी माझा हात सरकवून त्याखालची पावती काढली आणि तिची घडी केली. शेवटी मीच तोड काढली. शेत दिल्लीला पाठवायचं, दिल्लीवाल्याने आत भरायचं, चालवून पाहायचं आणि बंद करून पाठवायचं. काकांना ते पटलं. "विणकर उघडून पाह्यते, ते चालते. तो विणकरच समज."

मशीन आलं. दिल्लीवाल्याने डब्यात चिठ्ठी टाकली होती, गायें ठीक हैं. आणि काकांनी तो डबा नेऊन देवघरात ठेवला. का? हाड हळू जुळत होतं, काकूंचं प्लास्टर अजून निघायचं होतं. पुढे निजून खेळली तरी चालेल, पण घडी बसूनच मोडायची म्हणे. इकडे दिल्लीवाल्याची अट होती, काही खराब निघालं तर आठवड्याच्या आत सांगायचं. मी रोज भिंतीवर थाप मारायचो, "काका, उघडलं का?" पलीकडून आवाज यायचा, "थांब ना बाप्पा." एक एक दिवस सरत होता आणि माझं डोकं तापत होतं. काकूंचा आवाज अजून नव्हताच.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी घरासाठी कांदे घ्यायला आठवडी बाजारात गेलो होतो. काकांचा फोन आला. आवाज कापत होता. मागे काहीतरी आरडाओरडा ऐकू येत होता.

"अड्याळवाले... घडी मोडली रे." पुढे त्यांना बोलवेना. फोन बंद झाला.

चार महिने आमच्या दोघांत 'घडी' म्हणजे बिजागरी होती. तुटके तुकडे काउंटरवर ठेवून ते हेच शब्द बोलले होते. मला दिसलं ते असं: पहिल्याच दिवशी झाकण काकूंच्या हातात आलं, काका रडत आहेत, घरात ओरड चालली आहे.  मी तिथेच, कांद्याच्या पोत्यांमध्ये उभा राहून दिल्लीला फोन लावला.

तसं मी आयुष्यात कधी बोललो नाही आणि पुन्हा बोलणार नाही. आधी ओरडलो. मग एकदम आवाज खाली आणला. म्हातारी बाई, मोडका पाय, चार महिन्यांची वाट. मग पुन्हा ओरडलो. मध्ये गप्प राहिलो. गप्प राहणं हे सगळ्यात महाग हत्यार आहे. तो म्हणाला जुना पीस परत पाठवा, मी म्हणालो पाठवणार नाही. तो म्हणाला कव्हर देतो, मी म्हणालो कव्हर तर देणारच, काड्याही जास्तीच्या. शेवटी तो म्हणाला, "ठीक है भाईसाहब, नया पीस भेज रहा हूँ. फ्री. पुराना भी आप ही रखिए. काकी को मेरी तरफ से सॉरी बोलिए." कांदेवाला काम थांबवून ऐकत होता. त्याने मला हात जोडले.

अख्खं मशीन फुकट! मी गाडी काढली आणि सुसाट काकांच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच मला आवाज ऐकू आला.

"अवो, गाईले चारा कोण टाकंल? चार महिने झाले, गाई काय हवा खाऊन राहतीन? अन् हे काय, तण पाहा किती माजलं! तुमच्या हातात शेती दिली का असंच होते!"

मी जिना चढून दारात थांबलो. काकू प्लास्टर निघालेला पाय लांब करून घडीच्या खाटेवर उशा लावून बसल्या होत्या. हातात मशीन, झाकण कललेलं, धड, साबूत. काका बाजूला स्टुलावर, काडी धरून, मान खाली घालून बोलणी खात होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मला पाहून म्हणाले, "आला का? सांगितलं ना तुले फोनवर. घडी मोडली तिनं."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. जवाहरनगरच्या बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, पर्ससकट.

मी काकांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. "येऊ द्या ना दुसरं," मी म्हणालो. "त्यांनी कबूल केलं आहे. माझ्या तोंडाच्या जोरावर मिळवलं आहे मी."

"तुटली का घडी?"

"नाही, पण..."

"त्यानं तिच्या गाई सांभाळून पाठवल्या. चिठ्ठी लिवली. अन् तू त्याच्यावर तुटल्याचा आळ घातला." त्यांनी माझ्या खिशातला फोन काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "लाव."

तो हा एक शब्द.

मी लावला.  "वो... घडी टूटी नहीं है. मोडी है. मतलब खुली है. हमारे यहाँ वैसा बोलते हैं." दिल्लीवाल्याला कितीतरी वेळ काही कळलं नाही. कळलं तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, "और काकी? बोलीं कुछ?" मी फोन दाराकडे धरला. आतून आवाज येत होता, "पाणी! पाणी द्या म्हणते ना मी!" तो पलीकडे ऐकत राहिला. फोन त्याने ठेवलाच नाही, शेवटी मी ठेवला.

पुढे काकू चालायला लागल्या, पण दुकानावरच्या घराचा जिना त्यांना जमेना. मुलीने दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. साड्यांचं दुकान पुतण्या पाहू लागला, माझा गाळा माझ्याकडेच राहिला. जायच्या आदल्या दुपारी काका माझ्या काउंटरपुढे येऊन उभे राहिले. गिऱ्हाईक उभं राहतं तसे, बाहेरच्या बाजूने.

"मशीनची चार्जिंगची वायर पायजे. लांब. खाटेपर्यंत पोचंल अशी."

मी काढून दिली. किंमत सांगितली. काकांनी वायर उलटी-सुलटी केली, एका टोकाला ओढून पाहिली, नाक मुरडलं.

"काही कमी कर ना."

माझ्या हातातलं बिल तसंच राहिलं. इतकी वर्षं मी याची वाट पाहत होतो. गंजलेल्या शटरपासून. मला सगळं येत होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं, किती खाली उतरायचं. काका वाट पाहत उभे होते; चेहरा असा कोरा ठेवला होता, की त्यांनी घरून सराव करून आणला असावा. मी बिल चुरगळून काउंटरखाली टाकलं.

"न्या तसंच, काका," मी म्हणालो.

 काकांनी वायरची छान घडी केली, खिशात टाकली आणि पायरी उतरताना मागे न पाहता म्हणाले,

"अड्याळवाले, तुले अजून सौदा करता नाही येत."